भेकराचं कातडं आणि चौथीचा पेपर

पोरांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझी आई काय काम करायची? मी म्हटलं, काही नाही, घरीच असायची. फोन ठेवला आणि स्वतःचीच चीड आली. आयुष्यभर हेच उत्तर देत आले. कॉलेजात, नोकरीत, तुमच्या आजोबांच्या मित्रांसमोर. आता खरं लिहिते. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा गुळगुळीत बोलेन.

चौथीची परीक्षा होती. मी दाराजवळ, माझ्या गोणपाटावर. गुरुजींनी माझा पेपर उचलला नाही. छडीच्या टोकाने ढकलला. तो सरकत जाऊन पायरीखाली पडला. कागदावर माझ्या बोटांचे काळे ठसे होते.

"हा पेपर मी हातात घेऊ? सगळा कातड्याचा!"

मागून एकजण ओरडला, "गुरुजी, पाहा, हिच्या हाताची चप्पल होऊन राह्यली!"

वर्ग हसला. गुरुजीही हसले.

आम्ही चांभार. आलापल्लीच्या जंगलाजवळचं गाव. बाबा जोडे शिवायचे. कातडं कमवायचं, म्हणजे कच्चं कातडं मऊ आणि टिकाऊ करायचं, काम मायचं. मोठ्या जनावरांचं नाही. शेळीची करडं, ससे, कधी एखादं भेकर, म्हणजे जंगलातलं लहान हरिण. हे सगळं घराच्या मागच्या पडवीत चालायचं.

त्या आठवड्यात पडवीत भेकराचं कातडं होतं, आणि ते गुरुजींचं होतं. कुण्या शिकाऱ्याने त्यांना दिलेलं. संध्येला बसायला त्यांना केसांसकट आसन हवं होतं. केस राखायचे तर चुन्यात बुडवता येत नाही. आतून मांस खरवडायचं, मीठ-तुरटी चोळायची, मग हिरड्याचा लेप. लेप ओला आहे तोवर हाताने मळत राहायचं. हात थांबला की कातडं पत्र्यासारखं कडक. परीक्षेच्या सकाळी माय म्हणाली, "तू मळ बाई, मी ताणून धरतो."

शाळेची वेळ झाली. घाईत मी हात लोखंडी घमेल्यात धुतले. चूक माझी. हिरड्याच्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, मातीच्या कुंड्यात धुवायचे, हे आमच्या घरी लेकराला चालता येण्याआधी कळतं. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. शाळेत पोचेपर्यंत बोटं काळी, आणि घामाने तो रंग कागदावर. गुरुजींच्याच आसनाचा रंग.

शाळा सुटल्यावर त्यांनी मायला बोलावलं. ती त्यांच्या घरच्या अंगणात उभी, ते ओट्यावर.

"पोरीचे हात साफ करून आण. उद्या पेपर पुन्हा घेईन. नाहीतर नापास. आणि माझं आसन?"

"उद्याच देतो, गुरुजी."

घरी मायने माझे हात राखेने घासले. मग चिंचेने. कातडी सोलली, रंग गेला नाही.

मी विचारलं, "गुरुजीच्याच कातड्यानं झाले ना हे?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगून का होते? हात दे इकडं." मग घासता घासता स्वतःशीच बोलली, "भेकराची जात कोणी पुसली नाई."

मी हात ओढून घेतले. पुन्हा दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आसन घेऊन मीच गेले. ओट्यावर गोमूत्राचा तांब्या तयार होता, शिंपडायला.

"तिथंच ठेव. लांब."

मी ठेवलं नाही. "पेपर घ्या, गुरुजी."

"हात दाखव."

दाखवले. काळेच.

"मग कशाला आलीस?"

"तुमचं कातडं याच हातानं मळून झाले. कातडं चालते तर पेपर बी चालते."

"मायने पढवून पाठवलं काय?"

"नाई. माय तर घासून राह्यली होती."

त्यांनी छडी उचलली. मी कातडं छातीशी धरून घरी आले. दहा वर्षांची होते. मागे पाहिलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मायने मला मारलं. मग स्वतः जाऊन, माफी मागून, कातडं देऊन आली. गुरुजींनी आसन ठेवून घेतलं. मला नापास केलं. वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी दुसरे मास्तर आले. मी पास झाले, चांद्याच्या वसतिगृहात गेले, इंग्रजी शिकले. एकदा माय तिथे भेटायला आली. मैत्रिणींनी विचारलं, कोण? मी म्हटलं, गावची बाई आहे. तिनं ऐकलं. भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि गेली. त्या ओट्यावर जी लाज मी नाकारली होती, तीच पाच वर्षांनी माझ्या तोंडून निघाली. तिथे कुणी छडी घेऊन उभं नव्हतं. मायने तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

म्हणून लिहून ठेवते. तुमची पणजी कातडं कमवायची. तिच्यासारखं मऊ कातडं आसपासच्या गावांत कुणी करत नव्हतं. यापुढे मला कुणीही विचारलं तर मी हेच सांगणार. समोरच्याला खुर्ची मागे सरकवायची असेल तर त्याने सरकवावी.

गावात आता आमचं घर नाही. पडवी नाही. मायचं काम कुणी शिकून घेतलं नाही, मीही नाही. राग तेवढा शिल्लक आहे. त्यातला बराचसा माझ्यावरचा आहे.