फिलूमावशींनी सोडलेली लिफ्ट

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी फिलूमावशी आमची बेल वाजवायच्या. हातात मटणाचं पातेलं आणि तोंडी एकच प्रश्न, "यंदा काय सोडू?" दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस लागला की त्यांचा उपवासकाळ सुरू व्हायचा, तो थेट ईस्टरपर्यंत. त्याआधी फ्रीजमधलं मटण संपवायचं, ज्यांच्याशी भांडण झालं असेल त्यांच्याशी बोलून घ्यायचं आणि आवडीचं काय सोडायचं ते ठरवायचं, ही त्यांची तयारी. मी एकदा कारलं सुचवलं. म्हणाल्या, "कारलं कुणीही सोडेल, यार. सोडलं तर दुखलं पाहिजे."

मावशी मूळच्या वसईच्या. केंद्र सरकारच्या नोकरीतली सगळी वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि रिटायर झाल्यावर गुरुग्रामला मुलाकडे, आमच्याच मजल्यावर राहायला आल्या. भांडायच्या हिंदीत, प्रार्थना करायच्या मराठीत. भांडणं जास्त व्हायची, त्यामुळे मंगळवारी समेटासाठी त्यांना बरीच दारं फिरावी लागायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या उठून उभ्या राहिल्या की सेक्रेटरीसाहेब आधी घोटभर पाणी प्यायचे.

एका वर्षी मुख्य लिफ्टशेजारी पाटी लागली: घरकाम करणाऱ्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. त्या लिफ्टमधून कचऱ्याचे ड्रम जायचे. आमच्या दोघींकडे काम करणारी सरिता त्या ड्रमांना चिकटून वर यायची आणि आल्या आल्या आधी हात धुवायची. मावशी मीटिंगमध्ये तावातावाने बोलल्या. पाटी हलली नाही.

त्या मंगळवारी त्यांनी मला प्रश्न विचारलाच नाही. मला बरोबर घेऊन त्या सेक्रेटरींच्या दारात गेल्या. "मैंने आपको माफ़ किया," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. सेक्रेटरींनी माफी मागितलेली नव्हती, त्यामुळे ते गोंधळले. "और कल से मैं मेन लिफ्ट छोड़ रही हूँ. जो सरिता को नहीं मिलती, वो मुझे भी नहीं चाहिए."

सेक्रेटरी म्हणाले, "आंटीजी, नियम आपके लिए थोड़े ही है."

"वही तो झगड़ा है," मावशी म्हणाल्या आणि वळल्या.

बुधवारपासून कपाळावर राख, हातात जपमाळ आणि शेजारी कचऱ्याचा ड्रम, अशा त्या सर्व्हिस लिफ्टमधून ये-जा करू लागल्या. गुडघे बघून फादरांनी समजावलं, या वयात उपवासाला सूट असते. "सूट फादरांनीच घ्यावी," मावशी मला म्हणाल्या. मग सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. मुख्य लिफ्ट चालू होती, तरी सरिता जिन्याने चढत होती, आणि तिच्यामागे, कठडा धरून, मावशी. दर मजल्यावर त्या पायरीवर टेकायच्या. मला त्यांचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता.

सरितालाच शेवटी राहवलं नाही. "आंटी, आपके चढ़ने से मेरी सीढ़ी कम तो नहीं होती."

मावशी धापा टाकत म्हणाल्या, "पता है. पर तू अकेली नहीं चढ़ेगी."

ईस्टरला त्या मुख्य लिफ्टमध्ये परतल्या. "मी प्रार्थनेपुरती बरी आहे, पण माझे गुडघे काही संत नाहीत," असं म्हणून पाटीकडे रोखून बघायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. पाटी मात्र जागच्या जागी होती. मावशी हरल्या असं सगळे धरून चालले होते, त्या सोडून.

यंदा राखेच्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात त्या झोपेतच गेल्या. नियमाप्रमाणे मृतदेहसुद्धा सर्व्हिस लिफ्टनेच खाली न्यायचा. पण सेक्रेटरी स्वतः वर आले. डोळे पुसत म्हणाले, "आंटीजी मेन लिफ्ट से जाएँगी." मावशींच्या मुलाने हात जोडले. स्ट्रेचर आत गेलं. पांढऱ्या चादरीचं टोक धरून चालणारी सरिता सवयीने दाराशी थांबली आणि तिने चादर सोडली.

मी दारात पाय घातला. "सरिता साथ जाएगी. नहीं तो आंटी भी नहीं जाएँगी."

सेक्रेटरींनी पाटीकडे पाहिलं, मग चादरीकडे. बाजूला सरून त्यांनी सरिताला जागा दिली आणि बटण स्वतः दाबलं.

पाटी अजून तिथेच आहे. राखेच्या बुधवारी सकाळी मी खाली उभी होते. सरिता आली, मुख्य लिफ्टसमोर थांबली आणि तिने बटण दाबलं. गार्ड धावत आला, पाटीकडे बोट दाखवू लागला.

"सेक्रेटरी साहब से पूछ लो," सरिता म्हणाली, "उस दिन बटन किसने दबाया था." दार उघडलं, आणि ती आत गेली.