संगीतशाळेची दुसरी प्रत

सर्व्हरच्या खोलीत आम्ही धूळ साचू देत नाही. किस्से मात्र कोण झाडणार? राजवाड्यामागच्या आमच्या लहानशा ऑफिसात ते साचतच जातात.

काम सांगायला सोपं. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची जिवंत प्रत आमच्या मशीनवर ठेवायची. त्याचा सर्व्हर बसला, की आमची प्रत उभी करायची. मालक गोविंदराव, इंजिनिअर सेल्वी आणि गिऱ्हाइकांशी बोलणारा मी.

तिरुवैयारूची संगीतशाळा आमचं गिऱ्हाईक झाली. तिच्या सर्व्हरवर जुन्या शिकवण्यांची रेकॉर्डिंग होती. माझी बायको कमला तिथं शिकवायची. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढ्या एकाच जागी उरला होता.

*

प्रत ठेवण्याआधी प्रत्येकाला डिस्क आणि मेमरी नेमून द्यावी लागते. हे वाटप गोविंदरावांनी हौसेनं स्वतःकडं घेतलं. राइस मिल, दवाखाना, कापड दुकान, सगळ्यांना सढळ हातानं वाढलं. शाळा घरचीच, म्हणून तिला शेवटी ठेवली. घरची माणसं शेवटच्या पंगतीला!

सेल्वीनं स्क्रीन पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, शेवटच्या पंगतीला रसमसुद्धा उरलेलं नाही."

सगळं वाटप तिनं पुन्हा केलं.

*

शाळा चालवणाऱ्या रुक्मिणीअक्का माहेरच्या आमच्याच गल्लीतल्या, कमलाच्या शिष्या. आपली प्रत कुठं राहणार, ते बघायला त्या तिरुवैयारूहून बसनं आल्या. यातलं आमचं मशीन कुठलं, असं त्यांनी विचारलं. वेगळं मशीन नाही, सगळी गिऱ्हाइकं एकाच मशीनवर राहतात, मधे भिंती घातलेल्या असतात, असं मी समजावलं.

"म्हणजे घर एक, चुली वेगळ्या," अक्का म्हणाल्या. "मज ठाऊक आहे. आमच्या सासरी तसंच."

*

पहिली कॉपी शुक्रवारी सकाळी सुरू करायची होती. सेल्वी बटण दाबेना. राहुकाळ होता. सर्व्हरला राहुकाळ कळत नाही, असं गोविंदरावांनी तिला ऐकवलं आणि स्वतः बटण दाबलं.

तेवढ्यात वीज गेली.

"सर्व्हरला नसेल कळत," सेल्वी म्हणाली, "वीजवाल्यांना कळतो."

*

आयुधपूजेला मी सुट्टीवर होतो. परत आलो तर सर्व्हरला चंदन, कुंकू, झेंडू. आणि दिवे बंद! पूजेला ठेवलेलं हत्यार चालवायचं नसतं, म्हणून गोविंदरावांनी मशीनच बंद करून ठेवलं होतं. म्हणजे आदल्या दिवसापासून शाळेची कॉपी झालेली नव्हती. मी अक्कांना फोन लावला. मधल्या वेळात काय काय नवं भरलंत, ते विचारलं.

"भरणार कसं?" अक्का म्हणाल्या. "आमचा सर्व्हरही वीणेशेजारी पूजेला बसला आहे."

मी खुर्चीवर बसलो आणि कॉफी मागवली.

*

मग एका सकाळी शाळेचा सर्व्हर खरंच गेला. डिस्क जळाली होती. अक्का पहिल्या बसनं आल्या आणि माझ्याकडं न बघता बाकावर बसल्या. सेल्वीनं आमची प्रत उभी करायला घेतली. गोविंदरावांनी राहुकाळाची वेळ बघून घेतली.

प्रत उभी राहिली. खात्री करायला सेल्वीनं एक फाइल उघडली. कुठल्यातरी मुलीचा कोवळा आवाज आला, आणि तिला मधेच तोडत कमलाचा.

"चुकलं. पुन्हा म्हण."

पुढं रेकॉर्डिंगमधली मुलगी गप्पच. घाबरली असावी.

रुक्मिणीअक्कांनी पदर सावरला, मांडी घातली, मांडीवर ताल धरला आणि ती ओळ पुन्हा म्हटली. अगदी सुरात.

"हं," कमला म्हणाली. "आता पुढं."