पेटीतलं कार्ड

वडील शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांची तारेला ओवून ठेवलेली पोस्टकार्डं मी भिवंडीतल्या एका वाचनालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात देऊन टाकली. महिन्याभराने तिथल्या बाईंनी विचारलं, "एवढी पत्रं, आणि कोणी गेल्याचं एकही नाही?"

मी म्हणालो, तसलं पत्र आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. वाचायचं आणि दारातच फाडून टाकायचं. याबाबतीत वडील सगळ्यांत कडक होते.

"एखादं सापडलं तर आणा," त्या म्हणाल्या.

पुढे टेमघरचं घर रिकामं करताना वडिलांच्या पेटीत, धोतरांच्या खाली, एक कार्ड मिळालं. आजोबा गेल्याचं, काकांनी गावाहून कळवलेलं. हाताळून हाताळून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. मी ते उभ्यानेच वाचलं, दारापर्यंत गेलो आणि फाडलं. चार तुकडे झाल्यावर बाई आठवल्या.

तुकडे पाकिटात घालून त्यांना नेऊन दिले. त्यांनी ते टेबलावर जुळवून पाहिले.

"वडिलांनी फाडलं असेल ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी तशी नोंद केली.