हौसेरावांची डुक्करगाडी

हौसेराव निकम ही तीस वर्षांपासूनची माझी डोकेदुखी आहे. नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीत आमचे गाळे भिंतीला भिंत लावून. माझ्याकडे लेथ मशीन, त्यांच्याकडे गॅरेज. मी कामं उरकतो, ते कामं करतात. क्लचसाठी आलेल्या गाडीचे ते ब्रेकही तपासणार आणि गिऱ्हाईक बाहेर शिव्या घालत उभं राहणार. बोल्ट खोलला की त्याचा नट लगेच त्याच बोल्टवर दोन आटे फिरवून ठेवायचा, हा त्यांचा नियम. "जोडी फोडायची न्हाई, पोपटराव," म्हणायचे. माझ्या टेबलावर नट एका डब्यात आणि बोल्ट दुसऱ्यात, हे त्यांना बघवायचं नाही.

त्यांच्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक तीनचाकी टेम्पो उभा होता. चौऱ्याहत्तर सालचा. पुढे लांब नाक, म्हणून लोक तिला डुक्करगाडी म्हणायचे. एके काळी अशा गाड्या पायलीला पन्नास होत्या, आता शोधून सापडत नाहीत. वाशीचं मार्केट नवं होतं तेव्हा हौसेरावांनी तिच्यातून कांदे-बटाटे वाहिले. लग्नानंतर सत्यभामावहिनी मेढ्याहून इकडे आल्या त्याही तिच्यातच, मांडीवर पितळेची कळशी घेऊन. पुढे इंजिन बसलं आणि गाडी कोपऱ्यात गेली. "औंदाच्या उन्हाळ्यात उघडतो," हे मी पंचवीस उन्हाळे ऐकलं.

ती चालली नाही, पण तिची खंडेनवमी कधी चुकली नाही. आदल्या दिवशी ताडपत्री निघायची. हौसेराव ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून चेसिसचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज काढायचे, अगदी लोखंड चमकेपर्यंत, आणि वर रेड ऑक्साइडचा हात द्यायचे. दुसऱ्या दिवशी वहिनी हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायच्या. मला पेढा मिळायचा, म्हणून मी काही बोलायचो नाही.

यंदा मालकाने गाळे विकले; घेणारा ते पाडणार होता. दसऱ्याच्या आत जागा खाली करा, म्हणाला. मी तुर्भ्यात सोय बघितली. हौसेरावांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी धंदाच थांबवायचं ठरवलं. पण टेम्पो? त्यांचा मुलगा शिवतेज खारघरला बाराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या सोसायटीत दुसरी स्कूटर लावायची तरी मीटिंग भरते.

"भंगारात द्या," मी सरळ सांगितलं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी रोहन आला. कंप्युटरवर काम करणारा पोरगा, पण वेड जुन्या गाड्यांचं. पनवेलजवळ त्याची शेड आहे. कुणीतरी मोबाइलवर टाकलेला फोटो बघून तो आला आणि पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. तिथेच मला तो आवडला.

"काका, ही मी रस्त्यावर काढणार," बाहेर येऊन तो म्हणाला. "तुम्ही फक्त आठवड्यातून दोनदा शेडवर या. इंजिन तुमच्याशिवाय होणार नाही. आणि नाकावर नाव तुमचंच राहील."

"चालू झाली की पयलं मला बसवायचं," वहिनी म्हणाल्या.

"नक्की काकू."

पुढचे चार दिवस हौसेराव वेगळेच होते. कुठले पार्ट कुठे मिळतील याची यादी त्यांनी खडूने भिंतीवर लिहिली. जी भिंत पडणार होती त्याच भिंतीवर. पनवेलला कुठली बस जाते हे मला तीनदा विचारलं. धंदा बंद करणारा माणूस इतका खूश मी बघितलेला नाही.

पाचव्या दिवशी रोहन कागदपत्रं करायला आला. आरसी बुक वहिनींनी कापराच्या वड्या घालून पिशवीत जपलेलं होतं.

"काका, चेसिस नंबर कुठे पंच केलाय? त्याचा फोटो लागेल."

हौसेरावांनी न बघता उजव्या बाजूच्या पट्टीवर बोट ठेवलं. रोहनने थिनरने रंग पुसला. लाल थर निघाले, खाली लोखंड लागलं. गुळगुळीत. तो थोडा डावीकडे सरकला, मग उजवीकडे. टॉर्च तिरका धरून बघितला. एक आकडा नाही.

आमच्या आधी हौसेरावांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"तिथंच गंज जास्त धरायचा," ते म्हणाले. "आकड्यांच्या खाचंत पानी बसायचं. मी दरसाल घासून घासून साफ करायचो."

गाडी उघड्यावर सडू दिली असती तर आज नंबर वाचता आला असता. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण जन्मात एकदा तोंड आवरलं.

रोहन त्यांना आरटीओत घेऊन गेला. तिथला माणूस नीट बोलला. अर्ज करा, तपासणी होईल, बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आणा. वर्षही लागेल, आणि होईलच असं नाही. दसरा नऊ दिवसांवर होता.

"बिननंबरची गाडी माझ्याकडे सापडली तर ती चोरीची नाही हे मी कसं पटवू, काका?" रोहनचे डोळे भरले होते. त्याचं चूक नव्हतं. आरटीओवाल्याचं चूक नव्हतं. मला तर कुणाला तरी कचकचीत शिव्या द्यायच्या होत्या, आणि माणूसच सापडत नव्हता.

शेवटी मी लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांचा माझा डबा घेऊन गेलो. "दहा मिनिटांचं काम आहे. नंबर बुकात आहेच. तिचाच नंबर तिलाच मारायचा."

हौसेरावांनी डबा उघडला. बुकात बघून एकेक पंच काढला, पट्टीवर ओळीने लावला. हातोडी उचलली. ती तशीच खाली ठेवली. मग त्यांनी सगळे पंच परत डब्यात ठेवले.

"आजवर तिघं आले हुते माझ्याकडं, असला नंबर मारून द्या म्हनून. तिघांनाबी हाकललं."

"अहो, पण ही गाडी तुमची आहे!"

"मला ठावं हाय. बघनाऱ्याला कसं ठावं असंल?"

मी त्यांना हेकट म्हातारा म्हणालो आणि निघून आलो. ते बरोबर होते की नाही, मला अजूनही कळत नाही.

भंगारवाला गॅस कटर घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला परत पाठवलं. "गॅस लावायचा न्हाई. मी खोलतो." तीन दिवस भिंतीपलीकडून पान्याचा आवाज येत होता. मी रागातच होतो, गेलो नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या दारात आल्या. हातात झेंडूची पिशवी होती, सवयीने आणलेली.

"भावजी, उद्या पूजा कशाची करायची?"

मी त्यांच्याबरोबर गेलो.

भंगाराचा ट्रक लागलेला होता. ते लांब नाक, हौसेराव निकम हे नाव वरच्या बाजूला, आधीच ट्रकात पडलेलं. माणसं एकेक तुकडा उचलून फेकत होती. जमिनीवर एक घमेलं होतं, बोल्टांनी भरलेलं. मी एक उचलला. त्याच्यावर त्याचा नट, दोन आटे फिरवलेला. दुसरा उचलला. त्याच्यावरही. सगळ्यांवर.

"हौसेराव," मी म्हणालो, "अहो, हे वितळायला चाललंय."

"व्हय," ते म्हणाले.

माझ्या बोटांत एक नट सैल होऊन निघाला होता. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, बोल्टवर दोन आटे फिरवला, आणि घमेल्यात टाकला.