पाठमोरी सून

संग्रहालयात सगळे त्यांना गाईडबाई म्हणत. दुसऱ्या मजल्यावर रूथचं मोठं चित्र होतं, आणि ते समजावून सांगावं तर बाईंनीच. गोष्ट बायबलातली. नामी नावाच्या विधवेचे दोन्ही मुलगे गेले, तेव्हा तिने दोन्ही सुनांना माहेरी जायला सांगितलं. एक रडत रडत गेली. दुसरी, रूथ, सासूला सोडून हलेना.

"रूथचे पाय बघा, अनवाणी," बाई सांगत. "आपली माती मागे टाकली, त्याची खूण. हातातली कणसं म्हणजे पुढचं सुगीचं आयुष्य. आणि त्या पाठमोरीला नावं ठेवू नका हं. तोंडावर ओढणी धरलीय, तीही रडतेय. जा म्हणून सासूनंच सांगितलं होतं." मग हळूच म्हणत, "आमच्या घरची रूथ हिच्याहून बरी. घोरते तेवढीच!" लोक हसत.

घरची रूथ म्हणजे त्यांची सून. मुलगा किडनीच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून घरात दोघीच. सून दवाखान्यात रक्त तपासायची. संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसायच्या आणि त्याचा विषय टाळायच्या.

एका रविवारी सून म्हणाली, "आई, आमच्याकडच्या एक्स-रेवाल्यांनी मला विचारलंय. लग्नाचं."

बाईंचा हात थांबला. "मग?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

"मी कशाला नको म्हणू? कर की. तुझं वय ते काय!"

तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण त्यानंतर अन्न गोड लागेना.

त्याच आठवड्यात शिक्षकांचा एक गट आला. कुणीतरी विचारलं, "ही पाठमोरी कोण?"

"ही होय? पळपुटी!" बाई बोलून गेल्या. "नवरा गेला, नातं संपलं. म्हणून तर चित्रकाराने तिचा चेहरा दाखवला नाही. अशांना तोंड असतंच कुठे?"

शिक्षकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मागे सून उभी होती. बाईंचा दुरुस्त झालेला चष्मा दुकानातून घेऊन ती परस्पर द्यायला आली होती. तिने तो बाईंच्या हातात ठेवला आणि वळली.

बाई जिन्यापर्यंत धावल्या. "अगं, मी चित्राबद्दल बोलत होते!"

"चित्राबद्दल तुम्ही एरवी वेगळं सांगता, आई. मी कितीदा ऐकलंय."

लग्न झालं. बाई गेल्या, हसल्या, जेवून आल्या. आता अधूनमधून सुनेचा फोन येतो. "बऱ्या आहात ना? गोळ्या घेता ना?" परक्या माणसाशी बोलावं इतक्या अदबीने. एकदा बाईंनी धीर केला. "त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"जाऊ द्या हो, आई. दारात कुणीतरी आलंय," म्हणून तिने फोन ठेवला.

बाईंनी खालच्या मजल्यावर, नाण्यांच्या दालनात बदली मागून घेतली. कामावरून आल्या की चपला न काढताच त्या दाराजवळच्या खुर्चीत बसतात. अंधार पडतो, तरी दिवा लावायचं त्यांच्या लक्षात येत नाही.