शुद्ध मराठीतली नोटीस

प्रमोदिनी देवस्थळींना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात त्यांनी घरात पुस्तकांचा गट सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डोंबिवलीतल्या त्यांच्या सहाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आठ-दहा जण जमायचे. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, तेही कुणीतरी कशासाठी तरी लढल्याचं. धरणात गाव गेलेल्यांचं, दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांचं, कारखान्याच्या सांडपाण्यावरून कोर्टात गेलेल्या मास्तरांचं. दहा मिनिटांत ते सांगायचं आणि जाताना दुसऱ्याचं घेऊन जायचं. सहा वर्षांत दोनशेवर पुस्तकं अशी हातोहात फिरली होती. पान दुमडलेलं बाईंना खपत नसे. छपाईची चूक दिसली की शिसपेन्सिलीने समासात दुरुस्त करत, मग पुस्तक कुणाचंही असो.

फेब्रुवारीतल्या रविवारी ऋजुताची पाळी होती. सत्तावीस वर्षांची ही मुलगी ठाण्याला राहायची आणि वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरी करायची. गटात सगळ्यांत लहान तीच. एका पाड्यावरच्या बायकांनी बंद पडलेलं रेशनचं दुकान कसं उघडायला लावलं, ते तिने छान रंगवून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग पुस्तक मिटून ती म्हणाली, "काकू, एक विचारू? खाली लिफ्टमध्ये नोटीस आहे ना, घरकामगार आणि डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा म्हणून. ती कोणी लिहिलीये? म्हणजे, भाषा एकदम शुद्ध आहे."

बाई काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान प्रभाकरराव चहाचा ट्रे घेऊन आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. "मी लिहिली," ते कौतुकाने म्हणाले, "पण तपासली हिने. तीन चुका काढल्यान माझ्या!"

ऋजुताने मान खाली घातली. तिचा टोमणा मारायचा इरादा नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे दामले घसा साफ करत म्हणाले, "सोसायटीचे प्रश्न जरा वेगळे असतात हो." मग चहा झाला, पुस्तकं बदलली गेली आणि मंडळी निघाली.

बाई कप गोळा करू लागल्या. तो कागद त्यांना आठवत होता. डिसेंबरात, भाजी निवडताना प्रभाकररावांनी समोर धरलेला. 'करु नये' मधला रु दीर्घ केला, 'सुचना' मधला सु दीर्घ केला, एक अनुस्वार घातला आणि परत दिला. मजकुराकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट आठवली. त्यांच्याकडे केर-भांड्याला येणाऱ्या रखमाबाई गेले दोन महिने दारात आल्या की उंबऱ्यावर बसत, धापा टाकत. बाई रोज त्यांना तांब्याभर पाणी देत आणि म्हणत, "वजन वाढलंय हं तुमचं, रखमाबाई."

दुसऱ्या दिवशी रखमाबाई आल्या तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"तुम्ही जिन्याने येता?"

"मग काय उडत येऊ?" रखमाबाई हसल्या. जवळच्या दिवा स्टेशनाकडून येणारी ही साठीला टेकलेली बाई, या इमारतीत पाच घरांची कामं करायची. "दोन म्हैने झाले की. सातव्यावर जायचं, मग दुसऱ्यावर, मग परत हितं. गुडघे कुरकुर करतात, दुसरं काय."

"मला बोलला का नाहीत?"

रखमाबाईंनी पदराने मान पुसली. "कुणाला बोलू, बाई? कागद तर तुमच्या सायबांनीच लावला."

बाईंनी त्यांचा हात धरला. "चला, काम झालं की आपण दोघी लिफ्टने खाली जाऊ. बघते कोण अडवतो."

"नको," रखमाबाईंनी हात अलगद सोडवला. "तुम्ही एक दिवस न्याल. उद्या वॉचमन मलाच वरडंल."

त्या आत जाऊन भांडी घासायला लागल्या. बाई हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या.

रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढला. प्रभाकरराव चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अठ्ठावीस फ्लॅट, लिफ्ट एक. सकाळी लोकांची लोकल चुकते. तक्रारी माझ्याकडे येतात. मी काय करायचं होतं?"

"ते मला माहीत नाही. पण ही नोटीस काढायची."

"ठरावाने लागलीये. सर्वसाधारण सभेतच काढता येईल. अर्ज कर, सह्या आण." आणि मग, आमटी वाढून घेत, "तुला माहितीयेत का गं सगळी माणसं बिल्डिंगमधली?"

माहीत नव्हती. नऊ वर्षांत बाई आपल्या मजल्यापलीकडे फारशा कुणाकडे गेल्याच नव्हत्या. अर्ज लिहायलाही त्यांना चार दिवस लागले. लिहायच्या, फाडायच्या. पहिल्या खर्ड्यात समतेवर दीड पान होतं, शेवटच्या कागदावर पाच ओळी उरल्या. तो घेऊन त्या संध्याकाळी सातच्या सुमाराला बेल वाजवत फिरू लागल्या. जिन्यानेच फिरल्या, कुणाला दाखवायला म्हणून नाही, लिफ्टमध्ये पाऊल टाकवेना.

पहिल्याच दारी एका तरुण आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, माझ्या लेकीची स्कूल बस चुकली तर?" सही न घेताच बाई पुढच्या दाराकडे वळल्या. दुसरीकडे चिवडा मिळाला, सही मिळाली नाही. पाचव्या मजल्यावरच्या संचिता नावाच्या नर्सने दारातच भिंतीला कागद लावून सही केली. तिची आई पूर्वी टिटवाळ्याला धुणीभांडी करायची. चौथ्या मजल्यावर दामल्यांनी आग्रहाने बसवलं, पाड्यावरच्या बायकांचं पुस्तक अप्रतिम असल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "विचाराने मी तुमच्याबरोबरच आहे. पण सही राहू दे." बाईंना त्यांचा राग आला. पण जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, डिसेंबरात हा कागद कुणी माझ्यासमोर धरला असता, तर मी याहून वेगळं काय बोलले असते?

सभा मार्चच्या शेवटी पार्किंगमध्ये झाली. बावीस घरांतली माणसं आली होती. आयुष्यभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या बाईंचा आवाज पहिल्याच वाक्याला कापला. "ही नोटीस मी तपासली होती," त्या म्हणाल्या. "वाचली मात्र नव्हती, वाचल्यासारखं केलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तसंच केलं असेल, असं मला वाटतं. रखमाबाई साठ वर्षांच्या आहेत. त्या वर-खाली करून रोज किती जिने चढतात, ते मी मोजायला गेले आणि तिसऱ्या फेरीला मला बसावं लागलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "पुस्तकातलं बोलताहेत." थोडं हसू पिकलं. वाद झाला, आवाज चढले. हात वर झाले तेव्हा नोटीस काढायच्या बाजूने नऊ भरले, विरुद्ध बारा. प्रभाकरराव इतिवृत्त लिहीत होते, त्यांनी कुठल्याच बाजूला हात वर केला नाही. मग तरुण आईनेच मध्यममार्ग सुचवला. सकाळी आठ ते दहा बंदी, नंतर लिफ्ट सगळ्यांना. तो मंजूर झाला. लोक एकमेकांना 'चला, छान तोडगा निघाला' म्हणत वर गेले. बाई रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभ्या राहिल्या. रखमाबाई साडेआठला येतात.

सकाळी त्यांनी चाचरत रखमाबाईंना निकाल सांगितला. रखमाबाईंनी बोटांवर घरं मोजली. "मग खालची दोन घरं आधी करते. तुमचं नि सातव्यावरची दोन दहानंतर. उशीर झाला तर तुम्ही वरडू नका म्हंजे झालं."

"मी हरले हो," बाई म्हणाल्या.

"अर्धं तर आणलंत."

त्या अर्ध्याने बाईंना झोप लागू दिली नाही. एप्रिलच्या रविवारी त्यांनी गटात सांगून टाकलं, की यापुढे पुस्तकाबरोबर आपण आपल्या दारात काय केलं तेही सांगायचं, आणि काही केलं नसेल तर तसं सांगायचं. मे महिन्यात तिघं आले नाहीत, त्यात दामले होते. बाईंनी रखमाबाईंना बोलावलं, तुम्हीच या आणि बोला म्हणून. रखमाबाईंनी सरळ नकार दिला. "रविवारी आमच्याकडं टँकर येतो. मी पुस्तक ऐकत बसू का पाणी भरू?"

जूनमध्ये ऋजुताचा फोन आला. तिच्या ठाण्याच्या इमारतीतही तशीच नोटीस लागली होती. "काकू, तुमचा तो पाच ओळींचा अर्ज पाठवाल?"

"अगं, त्याने काम नाही झालं."

"तरी पाठवा ना. आणि सुरुवात कुठून करू, ते सांगा."

बाई म्हणाल्या, "शाळकरी मुलं असलेल्या घरापासून कर. ते काय विचारतील, त्याचं उत्तर आधी शोधून जा. मी गेले नव्हते."

फोन ठेवून त्यांनी अर्जाचा फोटो पाठवला. मग कोरा कागद ओढला आणि पुढच्या सभेसाठी नव्याने लिहायला बसल्या. समोरच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या प्रभाकररावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "किती मतं कमी पडली होती आपल्याला?"

'आपल्याला' हा शब्द बाईंनी ऐकला. वर न बघता त्या म्हणाल्या, "तीन. दोघांकडे मी जाते. दामल्यांकडे तुम्ही जा."