आधी उलटा हात

सुभाष गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, भीती वाटली. दुपारचे तीन वाजले असतील. बायकोच्या माहेरची माणसं आली होती, श्रीखंड-पुरी अंगावर आली होती आणि मी सोफ्यावर पेंगत होतो. सुनंदावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, लवकर या... हे उठत नाहीयेत. गिटार मांडीवर आहे आणि हे उठत नाहीयेत." माझ्या तोंडातून पहिला प्रश्न येणार होता, बटण चालू आहे का? तो मी गिळला. खरं तर तो विचारायलाच हवा होता, कारण वहिनी त्याला हलवत होत्या. पण विचारला असता तर त्यांनी विचारलं असतं, का हो? आणि त्या 'का'चं उत्तर फक्त मला ठाऊक होतं.

सुभाष इलेक्ट्रिक गिटारी बनवायचा. नवघरला त्याचा वन बीएचके, त्याच्या बाल्कनीला ग्रिल लावून केलेलं वर्कशॉप. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यावर घरी बसला आणि एका ओळखीच्या माणसाची मोडकी गिटार दुरुस्त करता करता या नादाला लागला. शिंपी माप घेतो तसा हा गिऱ्हाइकाच्या पंजाचं माप घ्यायचा. मीरा रोडला एखादी जुनी बिल्डिंग पाडायला काढली की हा तिथं हजर. सागवानी चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, आणि मान हलवून म्हणायचं, "ही बोलतेय." मला कधी काही बोललेलं ऐकू आलं नाही. मशीन लावलं की वरच्या मजल्यावरच्या भाभी खिडकीतून ओरडायच्या, "सुभाषभाई, मुन्ना अभी सोया है!" की हा निमूट मशीन बंद करून कानस हातात घ्यायचा. त्यामुळे एका गिटारीला चार-चार महिने लागायचे.

मी तीस वर्षं एका कंपनीत वायरमन होतो, आणि तो मला हाकही 'वायरमन' अशीच मारायचा. आमची जोडी जमली ती त्याच्या भित्रेपणामुळे. लहानपणी चिपळूणकडे, गावी, कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला होता आणि याच्या डोळ्यांदेखत याचा काका तिला चिकटला होता. तेव्हापासून घरातला साधा बल्ब बदलायलाही मला बोलवायचा. असा माणूस इलेक्ट्रिक गिटार कशाला बनवतो, असं मी त्याला शंभरदा विचारलं असेल. म्हणायचा, "लाकूड माझं, करंट तुझा."

गिटारीच्या आतल्या तारा मात्र तो स्वतः जोडायचा, कारण तिथं करंट नसतो. डावखुरा होता, त्यामुळे तारेचं टोकही जगाच्या उलट दिशेला पिळायचा. मी चिडवायचो, "तुझी गाठ सोडवायची तर आरशात बघावं लागतं." पण गिटार तयार होऊन अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, जोडायची वेळ आली की हा दोन पावलं मागे सरकणार. प्लग मी लावायचा, बटण मी दाबायचं आणि तारांना पहिला हात माझा. तोही उलटा. म्हणजे तळव्यानं नाही, बोटांच्या पाठीनं. शॉक बसला तर मूठ आवळली जाते, तळवा असेल तर माणूस तारेला धरूनच राहतो. पाठ असेल तर हात झटकला जातो. हे मीच त्याला शिकवलं होतं. काही झालं नाही की मी म्हणायचं, "घे." मग तो गिटार हातात घ्यायचा. माझ्याकडे टेस्टर आहे रे, म्हटलं तर म्हणायचा, "टेस्टर कधीतरी खोटं बोलेल. तू नाही बोलणार."

आता माझी चूक सांगतो. तो जायच्या चार महिने आधी उत्तनचे पीटरदादा आले होते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, साठी उलटलेली. त्यांना नवी गिटार बनवून हवी होती म्हणून सुभाष त्यांना आपली एक जुनी वाजवून दाखवत होता, आणि अँप नुसता घुं घुं करत होता. पाव्हण्यासमोर सुभाषचा चेहरा पडला. तेव्हा मी मोठ्या ऐटीत अँपचा प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी तार काढून टाकली. घुंघुं थांबली. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि ती करायची नसते हेही सगळ्यांना माहीत आहे. त्या तारेशिवाय अँपमध्ये काही बिघडलं, तर करंट थेट गिटारीच्या तारांत उतरतो. "आजच्यापुरतं," असं मी मनाशी म्हटलं, चहा प्यायलो आणि विसरलो. फोन येईपर्यंत साफ विसरलो होतो.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीच होती, कुणाला नवल वाटलं नाही. मी मात्र त्याचा हात हातात घेऊन बसलो होतो. वहिनी रडत रडत म्हणाल्या, "बघा, भाऊजींना सोडवत नाहीये." काय सांगू... मी त्याची बोटं तपासत होतो. कुठे भाजल्याची खूण आहे का, एवढंच बघत होतो. पण वर्षानुवर्षं गिटारीच्या तारांना सोल्डरचे डाग देणाऱ्या माणसाची बोटं ती, प्रत्येक पेरावर काळं. त्यातलं जुनं कुठलं आणि त्या दुपारचं कुठलं, मला कळेना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे त्याला श्रद्धांजली वाहायला जमले तेव्हा, मला बोलायला उभं केलं. मी त्याच्या सागवानाबद्दल बोललो, भाभींच्या मुन्नाबद्दल बोललो, लोक हसलेसुद्धा. घरी आल्यावर जेवलो नाही, तसाच पडून राहिलो. बायकोला वाटलं, ऊन लागलं. तो गेला त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला होता, "वायरमन, पीटरदादांची गिटार झाली, ये." मी म्हटलं होतं, "पाहुणे आहेत, संध्याकाळी येतो." म्हणजे तार काढणारा मी, आणि वेळेवर न जाणाराही मीच. फ्रिजचं दार उघडतानासुद्धा हात थबकायचा.

पाच आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, रविवारी पीटरदादा गिटार न्यायला येतायत. वाजवून बघतो म्हणाले." शनिवारी सकाळी रिक्षा करून नवघरला पोचलो. वर्कशॉप तसंच होतं, भुसा पडलेला, गिटार खुंटीवर, अँप कोपऱ्यात. प्लग सॉकेटमध्येच होता. बटण बंद होतं, पण ते कुणीही नंतर बंद केलेलं असू शकतं. वहिनी आत चहा ठेवत होत्या. मी प्लग काढला, खाली बसलो आणि स्क्रू फिरवायला लागलो.

आत हिरवी तार जागेवर होती. स्क्रू घट्ट आवळलेला होता. आणि तारेचं टोक उलट्या बाजूला पिळलेलं होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्या हातात उघडा प्लग बघून हसल्या. म्हणाल्या, "ते ह्यांनीच केलं ओ. पीटरदादा येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला मेन स्विच बंद करायला लावलं आणि लाटणं घेऊन शेजारी उभं केलं. म्हणे, चिकटलो तर हात लावू नकोस, लाटण्यानं ढकल. घामानं सगळा शर्ट भिजला. म्हटलं, भाऊजींना बोलवा की. तर म्हणे नको, विसरलाय तो, सांगितलं तर त्याच्या जिवाला लागेल."

बल्ब बदलायला घाबरणारा माणूस. मी तिथंच, भुशात, पोरासारखा रडलो. आणि मग पाच आठवडे गिळलेला प्रश्न विचारला, "वहिनी, त्या दिवशी बटण चालू होतं का?"

"छे हो. नुसती मांडीवर घेऊन पुसत बसले होते. मी म्हटलं, वाजवून तरी बघा. तर म्हणाले, वायरमन येऊ दे, पहिला हात त्याचा."

रविवारी पीटरदादा आले. "घाई न्हाय, सावकाश कर," म्हणाले आणि दाराशी उभे राहिले. मी प्लग लावला, बटण दाबलं. अँप थोडा घुं घुं करत होता, करू दिला. तारांना बोटांची पाठ लावली, क्षणभर तशीच ठेवली. काही झालं नाही. मी गिटार उचलली, सवयीनं मागे, सुभाष दोन पावलांवर उभा असायचा तिकडे, वळलो आणि म्हटलं, "घे."